खरखरीतून उभे राहिलेले शास्त्र

१९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचे ‘स्कियापरेली’ हे यान मंगळाच्या वातावरणात शिरले, तेव्हा त्याच्याकडे कान लावून बसलेल्या मोजक्या ठिकाणांत जुन्नर तालुक्यातले खोडद होते. यानावरचा छोटा प्रक्षेपक ४०१ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलत होता. मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांपर्यंत आवाज पोहोचावा, एवढ्याच बेताची त्याची ताकद. पृथ्वीवर मात्र तो पोहोचता पोहोचता जवळजवळ विरून जाणार होता. मधे साडेसतरा कोटी किलोमीटरचे अंतर होते आणि ते कापायला लहरींना पावणेदहा मिनिटे लागत होती. तरीही नारायणगावजवळच्या जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपने, म्हणजे जीएमआरटीने, तो संदेश पकडला. यान खाली येताना वारंवारतेत पडत गेलेला फरक टिपला. जमिनीला टेकण्याच्या थोडे आधी आवाज एकदम तुटला, तेही तिथे दिसले. यान आदळून फुटले होते. पुढच्या तपासात कारण कळले. यानाचे फिरणे मोजणाऱ्या उपकरणाचा आकडा कमाल मर्यादेला जाऊन अडकला, त्यावरून संगणकाने यान जमिनीच्याही खाली पोहोचल्याचा हिशेब केला आणि हवाई छत्री फार लवकर सोडून दिली.

खोडदला त्या दिवशी जे घडले, त्यात पुढच्या पानांचा जवळजवळ सारा विषय आला आहे. एक क्षीण लहर, तिच्या वाटेत येणारा सौरवारा आणि आयनांबर, तिला गोळा करणारी तारेची जाळी, कितीतरी पट मोठ्या गोंगाटातून तिला निवडून काढणारे गणित, आणि त्या गणितातून वाचलेली एका यंत्राच्या शेवटच्या मिनिटांची हकीकत.

रेडिओविज्ञानाचा पसारा मोठा आहे. वीज कडाडली की निघणाऱ्या, कित्येक किलोमीटर लांबीच्या लहरींपासून जेमतेम मिलिमीटरभर लांबीच्या लहरींपर्यंत सगळे त्यात येते. १९१९ साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय रेडिओविज्ञान संघटना या अभ्यासाची दहा शाखांत वाटणी करते. त्यात मोजमापशास्त्र आहे, अँटेना आहेत, दळणवळण आहे, आयनांबर आहे, रेडिओ-खगोलशास्त्र आहे आणि वैद्यकही आहे. कृष्णविवर शोधणारा आणि कर्करोगावर उपचार करणारा एकाच मांडवाखाली का बसतो, असा प्रश्न कोणालाही पडेल. माझे उत्तर असे की, या शास्त्रात एकाचा अडथळा हा दुसऱ्याचा अभ्यासविषय असतो. पाऊस दूरसंचाराच्या अभियंत्याला नकोसा, पण हवामानतज्ज्ञाला तोच हवा. आयनांबर वैमानिकाला चुकीची जागा दाखवते आणि त्याच चुकीवरून भौतिकशास्त्रज्ञ आयनांबर मोजतो. गेल्या शंभर वर्षांत या शास्त्राने जी मोठी झेप घेतली, ती बहुतेक वेळा नको असलेल्या गोष्टीचा कंटाळा न करता तिच्याकडे नीट पाहिल्यामुळे. ही प्रस्तावना त्या एका धाग्याला धरून आहे.

या धाग्याचे पहिले टोक अमेरिकेत न्यू जर्सीच्या होल्मडेल गावात सापडते. अटलांटिकपार टेलिफोनमध्ये खरखर कुठून येते, हे शोधण्याचे काम बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेने कार्ल जान्स्की या तरुण अभियंत्याला दिले होते. त्याने मोटारीच्या चाकांवर गोल फिरणारी लांबलचक अँटेना बांधली आणि २०.५ मेगाहर्ट्झवर महिनोन्‌महिने नोंदी घेतल्या. जवळच्या वादळांची खरखर मिळाली, लांबच्या वादळांचीही मिळाली. उरला एक मंद, सतत येणारा फुसकारा. तो रोज चार मिनिटे आधी शिगेला पोहोचत होता. सूर्याचा दिवस चोवीस तासांचा, ताऱ्यांचा त्याहून चार मिनिटांनी लहान. म्हणजे हा आवाज ताऱ्यांबरोबर उगवत आणि मावळत होता. १९३३ साली जान्स्कीने जाहीर केले की तो धनू राशीच्या दिशेने, आपल्या आकाशगंगेच्या मध्यभागाकडून येतो. कंपनीला तेवढी माहिती पुरेशी होती. तिने त्याला दुसऱ्या कामाला लावले. वयाच्या ४४ व्या वर्षी तो गेला. आज आकाशातल्या रेडिओ-स्रोतांची तीव्रता ज्या एककात मोजतात, त्याला त्याचे नाव आहे.

आपल्याकडची सुरुवात याहूनही जुनी. १८९५ साली कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी अदृश्य लहरी भिंतींपार पाठवून घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू पेटवली. त्यांच्या लहरी मार्कोनीच्या लहरींपेक्षा फार आखूड होत्या, काही तर पाच मिलिमीटरच्या. तेवढ्या आखूड लहरींसाठी लागणारी शिंगाच्या आकाराची अँटेना, गॅलेना या खनिजाच्या स्फटिकाचा शोधक, ध्रुवणाची उपकरणे हे सारे त्यांनी कलकत्त्यातच घडवून घेतले. नंतर ते वनस्पतींच्या अभ्यासाकडे वळले आणि जगही लांब लहरींकडे वळले, कारण दूरवर जायला त्या सोयीच्या होत्या. मिलिमीटर लहरींना दळणवळणात मोठी मागणी येईपर्यंत शतक उलटून गेले. २०२२ साली भारतात ५-जीसाठी २६ गिगाहर्ट्झचा पट्टा लिलावात विकला गेला. त्या लहरीची लांबी सव्वा सेंटिमीटरही नाही, म्हणजे बोस यांच्याच घरातली.

या आखूड लहरींचे दुखणे म्हणजे पाऊस. थेंबाचा आकार लहरीच्या लांबीच्या जवळ आला की लहर थेंबात शोषली जाते आणि विखुरते. दोन टॉवरांमधला सूक्ष्मलहरींचा दुवा मुसळधार पावसात क्षीण होतो, हे दूरसंचार कंपन्यांना पूर्वीपासून माहीत होते; त्या फक्त ताकद वाढवत आणि पुढे जात. २००६ साली इस्रायलमधल्या संशोधकांनी हीच घट उलटी वाचून दाखवली. दुवा किती क्षीण झाला यावरून त्या दोन टॉवरांमध्ये किती पाऊस पडला, हे काढता येते. २०१३ मध्ये डच संशोधकांनी मोबाइल कंपनीच्या अशा नोंदींवरून अख्ख्या नेदरलँड्सचे पावसाचे नकाशे तयार केले. नवीन यंत्र एकही बसवावे लागले नाही. ज्या देशात तालुक्याला एखाद-दोनच पर्जन्यमापके असतात, तिथे ही पद्धत किती मोलाची ठरेल, हे वेगळे सांगायला नको. मला ती या क्षेत्रातल्या सर्वांत सुंदर कल्पनांपैकी एक वाटते.

पाऊस मोजण्याचा हमरस्ता अर्थात रडारचा. २६ जुलै २००५ ला मुंबईत काय झाले, हे महाराष्ट्राला पाठ आहे. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्याच शहराच्या दक्षिण टोकाला कुलाब्याला फक्त ७३. पंचवीस-तीस किलोमीटरमध्ये एवढा फरक. एका पर्जन्यमापकावरून शहराचा अंदाज बांधता येत नाही, याचा याहून जळजळीत पुरावा मिळणार नाही. तेव्हा मुंबईत डॉप्लर रडार नव्हते. आज कुलाब्याला दहा सेंटिमीटर लहरीचे रडार आहे, अंधेरीत वेरावलीला पाच सेंटिमीटरचे. लांबी बदलते त्यामागे व्यवहार आहे. दहा सेंटिमीटरची लहर मुसळधार पाऊस भेदून पलीकडचे पाहते, पण तिला मोठी अँटेना आणि मोठा खर्च लागतो. तीन सेंटिमीटरच्या रडारची यंत्रणा लहान आणि स्वस्त, बारीक तपशील दाखवणारी. मात्र जोराच्या सरीत तिची लहर स्वतःच थकते आणि सरीच्या पाठीमागचा पाऊस दिसेनासा होतो. त्यात सह्याद्री आडवा. किनाऱ्यावरून निघालेली खालच्या कोनातली लहर घाटमाथ्याला अडते, त्यामुळे देशावरच्या ढगांचे खालचे थर कोकणातल्या रडारला दिसत नाहीत. म्हणून पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ढगांचा अभ्यास करणारी रडारे घाटावर, मांढरदेवच्या डोंगरावर नेऊन बसवली. महाराष्ट्रासारख्या राज्याला वेगवेगळ्या लांबीच्या, एकमेकांच्या उणिवा भरून काढणाऱ्या रडारांचे जाळे हवे.

आता जरा वर, शंभर किलोमीटरच्या पलीकडे. सूर्याच्या अतिनील किरणांनी तिथल्या हवेतले इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि आयनांबर तयार होते. भारताच्या दक्षिण टोकाजवळून, तिरुनेलवेलीच्या बाजूने, चुंबकीय विषुववृत्त जाते. तिथे दिवसा वर उचलले गेलेले इलेक्ट्रॉन चुंबकीय रेषांवरून उत्तर-दक्षिणेला ओघळतात आणि अहमदाबाद, भोपाळ, कोलकाता या पट्ट्यावर त्यांचा ढीग साचतो. जगातले सर्वांत दाट आणि सर्वांत चंचल आयनांबर ज्या भागांवर आहे, त्यांत आपला देश येतो. महाराष्ट्र या ढिगाच्या उतरणीवर आहे.

याचा रोजच्या जगण्याशी संबंध जीपीएसमुळे येतो. उपग्रहाची लहर आयनांबरातून येताना रखडते, आणि एवढ्याशा विलंबामुळे जागेच्या हिशेबात दहा-पंधरा मीटरचा, कधी त्याहून मोठा फरक पडू शकतो. रस्त्यावरच्या गाडीला तो चालून जातो, धावपट्टीवर उतरणाऱ्या विमानाला नाही. अमेरिकेत आणि युरोपात या दुरुस्तीसाठी केलेली गणिते आपल्याकडे जशीच्या तशी चालेनात, कारण तिथले आयनांबर तुलनेने सपाट आणि शांत. इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी ‘गगन’ प्रणाली उभी करताना देशभर मोजणी-केंद्रे बसवून इथल्या आयनांबराचे स्वतंत्र प्रारूप तयार केले. विषुववृत्तीय प्रदेशात असे काम प्रथम भारताने करून दाखवले. सूर्यास्तानंतर, विशेषतः मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास, आयनांबरात विरळ बुडबुडे उठतात आणि उपग्रहाचे संदेश लुकलुकू लागतात, हा प्रश्न मात्र अजून पुरता सुटलेला नाही. हे बुडबुडे नेमके कोणत्या संध्याकाळी उठतील, हे आधी सांगता येणे हे सध्याच्या संशोधनातले एक मोठे ध्येय आहे. मे २०२४ च्या सौरवादळात अमेरिकेतल्या शेतकऱ्यांचे जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर ऐन पेरणीत थांबले. आपल्याकडे ड्रोनने फवारणी आणि उपग्रहावर आधारलेली जमीन-मोजणी वाढते आहे, तेव्हा हा विषय फार काळ प्रयोगशाळेपुरता राहणार नाही.

सौरवादळांच्या बाबतीत मुंबईचे एक जुने ऋण जगावर आहे. १ आणि २ सप्टेंबर १८५९ ला नोंदले गेलेले, आजवरचे बहुधा सर्वांत तीव्र चुंबकीय वादळ कुलाब्याच्या वेधशाळेत हाताने मोजून लिहिले गेले. विषुववृत्ताजवळच्या प्रदेशातली त्या वादळाची इतकी चांगली नोंद जवळपास दुसरीकडे नाही. एकविसाव्या शतकात त्या वादळाची तीव्रता नव्याने मोजताना संशोधकांना याच वहीचा आधार घ्यावा लागला.

आता वरून खाली, जमिनीकडे पाहणाऱ्या लहरी. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून ‘निसार’ उपग्रह गेला. इस्रो आणि नासा यांच्या या उपग्रहावर दोन रडार आहेत, एकाची लहर सुमारे २४ सेंटिमीटर, दुसऱ्याची सुमारे ९. बारा मीटर रुंदीची जाळीची तबकडी दोन्हींना मिळून एकच. दर बारा दिवसांनी तो त्याच जागेवर येतो आणि आधीच्या फेरीतल्या लहरीची कला आताच्या फेरीशी ताडून जमीन काही सेंटिमीटर सरकली तरी दाखवतो. ढग असोत, रात्र असो, त्याला फरक पडत नाही. जून ते सप्टेंबर ज्या राज्यावर साध्या उपग्रहांना ढगांशिवाय काही दिसत नाही, त्याला याचे महत्त्व कळेल. त्याच तारखेला, ३० जुलैला, २०१४ साली आंबेगाव तालुक्यातले माळीण डोंगराखाली गेले होते. इथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. दोन तासांच्या पावसात एकदम सुटणाऱ्या दरडीचा इशारा बारा दिवसांनी येणारा उपग्रह देऊ शकणार नाही. महिनोन्‌महिने हळूहळू सरकणारा उतार, भूजल उपशाने खचणारी जमीन, मातीतला ओलावा, यांसाठी तो आहे. उतार सरकत असल्याचे कळले तर पावसाळ्यापूर्वी माणसे हलवता येतील. कळलेले वेळेवर गावापर्यंत पोहोचवण्याचे काम मात्र माणसांनाच करावे लागेल.

आता ज्या विषयावर मला सर्वांत जास्त लिहावेसे वाटते, त्याकडे येतो. तो विषय हायड्रोजनचा.

हायड्रोजनच्या अणूत एक प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन. दोघेही छोट्या चुंबकांसारखे. दोघांची फिरकी एकाच दिशेला असली तर अणूची ऊर्जा किंचित जास्त, विरुद्ध असली तर किंचित कमी. वरच्या स्थितीतून खालच्या स्थितीत अणू आपोआप यायला सरासरी एक कोटीहून जास्त वर्षे लागतात, आणि येताना तो २१ सेंटिमीटरची, १४२० मेगाहर्ट्झची लहर सोडतो. इतक्या दुर्मीळ घटनेतून काय ऐकू येणार, असे वाटेल. पण विश्वात हायड्रोजन अफाट आहे. डच शास्त्रज्ञ हेंड्रिक व्हान डे हुल्स्ट यांनी १९४४ मध्ये, नाझींच्या ताब्यातल्या देशात बसून, ही लहर सापडेल असे भाकीत केले आणि १९५१ मध्ये हार्वर्डला युवेन आणि पर्सेल यांनी ती ऐकली. ज्या एडवर्ड पर्सेल यांचे हे काम, त्यांनीच पाच वर्षांपूर्वी घन पदार्थातल्या प्रोटॉनच्या चुंबकीय अनुनादाचा शोध लावला होता. रुग्णालयातले एमआरआय यंत्र त्या शोधावर उभे आहे. दीड टेस्लाच्या चुंबकात शरीरातल्या पाण्याचा आणि चरबीचा हायड्रोजन ६४ मेगाहर्ट्झच्या रेडिओ-लहरींना उत्तर देतो. गुडघ्याचा एमआरआय आणि दूरच्या दीर्घिकेचा नकाशा हे दोन्ही प्रोटॉनच्या त्याच चुंबकपणावर चालतात. पवईच्या ‘समीर’ संस्थेत रडारसाठी लागणाऱ्या सूक्ष्मलहरींच्या ज्ञानातून कर्करोगावरचे रेषीय प्रवेगक तयार झाले आणि सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयापर्यंत गेले. ‘समीर’मध्ये भारतीय बनावटीच्या एमआरआयवरही काम चालू आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या सूक्ष्मलहरी विभागातून ‘समीर’ निघाली, आणि त्याच संस्थेच्या दुसऱ्या गटातून जीएमआरटी.

तो दुसरा गट गोविंद स्वरूप यांचा. ऑस्ट्रेलियात पॉट्स हिल येथे त्यांनी तरुणपणी काम केले होते. तिथल्या सहा फुटी तबकड्या कामातून निघाल्यावर त्यांनी त्या भारतासाठी मिळवल्या आणि १९६५ मध्ये, मुंबईजवळच्या कल्याणला, अशा ३२ तबकड्यांची दुर्बीण उभी राहिली. ती सूर्याचा अभ्यास करी. पुढे १९७० मध्ये उटीला त्यांनी ५३० मीटर लांब, ३० मीटर रुंद दंडगोल दुर्बीण बांधली. डोंगराचा उतार ११ अंशांचा, उटीचे अक्षांशही तेवढेच. त्यामुळे उतारावर ठेवलेला तिचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला आपोआप समांतर झाला आणि एकाच दिशेने फिरवून तारा तासन्‌तास धरून ठेवता आला. पैसा कमी असताना भूगोलाकडून काम करून घेण्याची ही बुद्धी मला थक्क करते.

खोडदला हीच बुद्धी पुन्हा दिसते. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. चौदा मधल्या किलोमीटरभराच्या चौकात, बाकीच्या तीन भुजांवर, टोकापासून टोकापर्यंत सुमारे २५ किलोमीटर पसरलेल्या. इतकी मोठी भरीव तबकडी वाऱ्याला तोंड द्यायची तर प्रचंड पोलाद लागले असते. स्वरूप यांनी पृष्ठभाग ताणलेल्या दोरांवर बसवलेल्या बारीक स्टीलच्या तारेच्या जाळीचा केला. वारा जाळीतून निघून जातो. लहर मात्र जाळीच्या भोकांपेक्षा कितीतरी लांब असल्याने परतते. तीस तबकड्यांचे संदेश जोडीजोडीने ताडून पाहिले की त्या सगळ्या मिळून २५ किलोमीटरच्या एका दुर्बिणीइतके बारकावे देतात. नंतरच्या नूतनीकरणात तिचा पट्टा जवळजवळ सलग, १२० ते १४५० मेगाहर्ट्झ झाला आणि एका वेळी ऐकण्याची रुंदी ३२ वरून ४०० मेगाहर्ट्झपर्यंत गेली.

ही दुर्बीण बांधतानाच दूरच्या, म्हणजे जुन्या काळातल्या हायड्रोजनवर डोळा होता. विश्व प्रसरण पावते, त्याबरोबर लहरही ताणली जाते. सुमारे आठ अब्ज वर्षांपूर्वी निघालेली २१ सेंटिमीटरची लहर आपल्यापर्यंत दुप्पट लांबीची, ७१० मेगाहर्ट्झच्या आसपास होऊन येते. एकेका दीर्घिकेची ती इतकी क्षीण की स्वतंत्रपणे सापडत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या आणि बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये ७,६५३ दीर्घिकांचे संदेश एकावर एक रचले, तेव्हा सरासरी संदेश गोंगाटावर आला. त्यातून दिसले की त्या काळातल्या दीर्घिका ज्या वेगाने तारे घडवत होत्या, त्या वेगाने त्यांचा हायड्रोजन अब्ज-दोन अब्ज वर्षांत संपला असता. बाहेरून पुरेसा वायू येत राहिला नाही म्हणून ताऱ्यांची निर्मिती मंदावली, असा अर्थ त्यातून निघतो. विश्वात नवे तारे आता इतके कमी का जन्मतात, या प्रश्नाच्या उत्तराचा एक मोठा तुकडा जुन्नर तालुक्यात सापडला.

जून २०२३ मध्ये खोडदचे नाव आणखी एका कामात आले. स्पंदतारे अत्यंत नियमित ठोके देतात. अवकाशातून वर्षानुवर्षांच्या लांबीच्या गुरुत्वीय लहरी जात असतील तर या ठोक्यांत ठरावीक प्रकारचे मागेपुढे व्हायला हवे. युरोपीय दुर्बिणींच्या पंचवीस वर्षांच्या नोंदींना जीएमआरटीच्या नोंदींची जोड दिल्यावर तशी चिन्हे दिसली. जीएमआरटीचे योगदान इथे खास होते. ताऱ्यांमधल्या विरळ वायूत कमी वारंवारतेच्या लहरी जास्त रखडतात. युरोपात मुख्यतः उंच वारंवारता ऐकल्या जातात. खोडदला खालच्या ऐकता येतात, म्हणून तो विलंब नेमका मोजून वजा करता येतो. शोधाला अजून पक्केपणा यायचा आहे, आणि ते काम चालू आहे.

आणि आता अडथळा आपणच झालो आहोत. चंद्रावर एखादा साधा मोबाइल चालू करून ठेवला, तर तो आकाशातल्या अगदी ठळक रेडिओ-स्रोतांत गणला जाईल; यावरून या दुर्बिणींची संवेदना आणि आपला गोंगाट, दोन्हींचा अंदाज यावा. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीवर कित्येक वर्षे विचित्र स्पंद येत होते. २०१५ मध्ये उलगडा झाला: वेधशाळेतल्या कुणीतरी मायक्रोवेव्ह ओव्हन थांबण्याआधीच त्याचे दार उघडले की तो स्पंद येई. त्याच दुर्बिणीने २००७ मध्ये जाहीर झालेला, दूरच्या दीर्घिकेतून आलेला पहिला वेगवान रेडिओ-स्फोट शोधला होता. तो खरा ठरला. खऱ्याखोट्याची अशी निवड हे या शास्त्राचे रोजचे काम.

कायद्याने १४०० ते १४२७ मेगाहर्ट्झचा पट्टा हायड्रोजनसाठी राखून ठेवला आहे. तिथे कुणीही प्रक्षेपण करायचे नाही. पण तो फक्त जवळच्या हायड्रोजनला पुरतो. जुना हायड्रोजन ताणला जाऊन मोबाइलच्या ७०० मेगाहर्ट्झ पट्ट्यात येतो आणि पहिल्या ताऱ्यांच्या काळातला तर एफएम रेडिओच्या आसपास. त्यात आता आकाशातून येणारी भर. नेदरलँड्समधल्या लोफार दुर्बिणीने २०२३ मध्ये दाखवले की स्टारलिंकचे उपग्रह ११० ते १८८ मेगाहर्ट्झमध्ये, जिथे त्यांना काही पाठवायचेच नाही, तिथेही आपल्या विद्युत-उपकरणांमधून लहरी गळू देतात. पुढच्या पिढीचे उपग्रह त्याहून ३२ पटींपर्यंत प्रखर निघाले. जमिनीवरचा टॉवर डोंगराआड जाऊ शकतो, डोक्यावरून जाणारा उपग्रह नाही.

अशा पेचातून मुंबई एकदा गेली आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी शहरात विजेच्या ट्राम येणार असे ठरले, आणि त्यांच्या प्रवाहाने कुलाब्याच्या चुंबकीय नोंदी बिघडणार हे नानाभाई मूस यांनी ओळखले. त्यांनी अलिबागला, लोखंड टाळून बांधलेली नवी वेधशाळा १९०४ मध्ये सुरू केली आणि ट्राम येण्यापूर्वी दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी केली, म्हणजे मालिका तुटू नये. त्यामुळे १८४० च्या दशकापासूनच्या नोंदी आजही एकत्र वाचता येतात. ट्राम आली, नोंदीही टिकल्या.

पुणे–नाशिक अर्ध-अतिवेगवान रेल्वेचा प्रश्न त्याहून अवघड आहे. मूळ आखलेला मार्ग नारायणगाव परिसरातून, दुर्बिणीच्या जवळून जाणारा होता. विजेवर धावणाऱ्या गाडीच्या तारेवर उडणाऱ्या ठिणग्या आणि दळणवळणाची उपकरणे दुर्बिणीला घातक ठरतील, असा आक्षेप आला आणि रेल्वेमंत्र्यांनी मार्ग बदलावा लागेल असे सांगितले. जुन्नर, आंबेगाव, खेडमधल्या लोकांनी मूळ मार्गच हवा अशी मागणी लावून धरली. टोमॅटो, कांदा, द्राक्षे पिकवणाऱ्या भागाने रेल्वे मागावी, हे न्याय्यच आहे. दुर्बीण हलवता येत नाही, हेही खरे. तीस तबकड्या आणि त्यांच्यामधला जमिनीखालचा प्रकाशीय तंतू उचलून कुठे नेणार, आणि एवढी शांतता आता कुठे मिळणार? शांततेचा हा पट्टा गायरानासारखा आहे, सगळ्यांच्या मालकीचा, आणि एकदा बांधकाम झाले की परत न मिळणारा. म्हणून माझे मत असे, की या भागाच्या त्यागाची किंमत राज्याने आणि केंद्राने उघडपणे मोजावी. विज्ञानासाठी आपली वाट वळली असेल तर तिथल्या शेतमालाला, तिथल्या मुलांना दुसरी वाट मिळाली पाहिजे. ती किंमत न मोजता लोकांना विज्ञानाचे महत्त्व सांगत बसणे अन्यायाचे आहे.

शांततेच्या शोधात संशोधक आता कुठवर गेले आहेत, याचे एक उदाहरण कर्नाटकात आहे. पहिल्या ताऱ्यांच्या काळातला संदेश सापडल्याचा दावा २०१८ मध्ये अमेरिकी गटाने केला होता. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेने ‘सारस’ नावाची अँटेना तराफ्यावर बसवून दंडिगनहळ्ळीच्या तलावावर आणि शरावतीच्या जलाशयावर सोडली. अँटेनेखालची जमीन थरांची आणि असमान असते, ती संदेशात खोट आणते. पाणी खोलवर एकसारखे असते. २०२२ मध्ये त्यांनी जाहीर केले की अमेरिकी गटाने सांगितलेल्या आकाराचा संदेश आकाशात दिसत नाही. याच संस्थेचा पुढचा प्रस्ताव ‘प्रत्युष’ हा, चंद्राभोवती फिरून त्याच्या पलीकडच्या बाजूला, पृथ्वीच्या गोंगाटापासून आडोसा घेऊन ऐकण्याचा.

दरम्यान भारत स्क्वेअर किलोमीटर अ‍ॅरे या जागतिक प्रकल्पात सामील झाला आहे. केंद्राने त्यासाठी १,२५० कोटी रुपये मंजूर केले. दक्षिण आफ्रिकेत १९७ तबकड्या आणि ऑस्ट्रेलियात १,३१,०७२ छोट्या अँटेना उभ्या राहात आहेत, आणि हा सगळा पसारा चालवणाऱ्या नियंत्रण-प्रणालीचे नेतृत्व पुण्याकडे आहे. त्यात भौतिकशास्त्राच्या पदवीधरांइतकीच गरज संगणक आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलामुलींची आहे, हे मराठी विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे.

चंद्राची पलीकडची बाजू आंतरराष्ट्रीय रेडिओ-नियमांत संरक्षित आहे. तो नियम झाला तेव्हा तिकडे कुणी जात नव्हते; आता जाणारे वाढले आहेत, आणि त्यांनी आपापसांत कोणत्या वारंवारतेवर बोलावे हे ठरायचे आहे. २०२७ च्या जागतिक रेडिओसंपर्क परिषदेत चंद्रावरच्या दळणवळणाचा प्रश्न विषयपत्रिकेवर आहे, आणि उपग्रहांच्या एकत्रित गोंगाटापासून जमिनीवरच्या शांत क्षेत्रांना वाचवण्याचाही. भारत त्या परिषदेत उपग्रह सोडणारा, मोबाइलचे पट्टे विकणारा आणि खोडद, उटीसारखी ठिकाणे राखणारा देश म्हणून एकाच वेळी बसेल. त्याने कोणती बाजू घ्यावी यावर मराठीतही आतापासून बोलले जावे, त्यासाठी लागणारी माहिती पुढच्या लेखांत आहे.